गादीवरची अकरा कडवी

मी काय काम करतो, ते एका वाक्यात सांगता येत नाही. 'कीबोर्ड वाजवतो' म्हटलं की लोक लग्नातल्या ऑर्केस्ट्राबद्दल विचारतात. तेही मी चौदा वर्षं केलं. पण गेली नऊ वर्षं बुऱ्हाणपूरच्या राजपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, दहा बाय बारा फुटांत बसून मी दुसऱ्यांच्या गाण्यांमध्ये वाद्यं भरून देतो. शहनाई, सारंगी, बासरी, व्हायोलिन. यातलं एकही वाद्य माझ्या घरात नाही. ऑर्केस्ट्राच्या आधी सहा वर्षं एका खाजगी शाळेत गणित शिकवलं, म्हणून बुऱ्हाणपुरात मला अजूनही मास्तर म्हणतात.

साधा कीबोर्ड म्हणजे स्विचांची रांग. पट्टी किती जोरात दाबली याचा यंत्र एक आकडा करतं, एक ते एकशे सत्तावीसमधला, आणि सूर वाजतो. एकदा वाजला की त्या सुराला वळवायचं बोटाच्या हातात राहत नाही. पेटीचंही तेच. भात्याने आवाज लहानमोठा होतो, पण दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत बोट जाऊ शकत नाही, आणि आपल्या गाण्यातला निम्मा जीव त्या मधल्या जागेत असतो.

माझ्याकडचा कीबोर्ड वेगळा आहे. त्याला सुट्या पट्ट्या नाहीत. वरून एकसंध मऊ रबर, आणि पट्ट्यांच्या जागी नुसते उंचवटे. बोट किती वेगाने टेकलं, टेकल्यावर किती दाबलं, आडवं किती सरकलं, पुढेमागे किती सरकलं आणि उचलताना कसं उचललं, या पाच गोष्टी तो प्रत्येक बोटाच्या वेगवेगळ्या मोजतो. तीन बोटं टेकलेली असताना एकच बोट सरकवून तेवढाच सूर वर नेता येतो. माझ्या बायकोने, सुनंदाने, खोका उघडल्या दिवशी त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "ही तर गादी आहे." तेव्हापासून घरात आणि गिऱ्हाइकांतही त्याचं नाव गादी.

गादीला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, ओला हात. पावसाळी हवेत बोट रबराला चिकटतं आणि सरकायच्या ऐवजी धक्के खातं. म्हणून माझ्या टेबलावर लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा असतो. दुसरी, घाई. ऑर्केस्ट्रातून आलेला माणूस सगळं ठोकून वाजवतो. मला ती सवय मोडायला अकरा महिने लागले. रोज एक तास फक्त एक सूर धरायचा, त्याचा दाब वीसवरून नव्वदवर न्यायचा आणि परत वीसवर आणायचा. खाली सुनंदा स्वयंपाक करताना ते ऐकायची. एकदा तिने जिन्यातून विचारलं, "अहो, कुणी बरं नाहीये का वर?"

गिऱ्हाइकांचे तर किती प्रकार. एका वरपित्याला मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी शहनाई हवी होती. मी त्यांच्यासमोर वाजवून दाखवली. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकली, मान डोलावली आणि डोळे उघडून म्हणाले, "छान आहे. पण फुंकतो कोण?" मी बोटाचा दाब म्हणजेच फुंकर, हे समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण फुंकतो कोण?" शेवटी मी वाजवताना जोरात श्वास घ्यायला लागलो, तेव्हा त्यांचं समाधान झालं. मजा म्हणजे त्यानंतर मी नेहमीच तसा श्वास घेतो. सूर खरोखर सुधारला.

देडतलाईच्या एका कापडवाल्यासाठी जाहिरातीच्या गाण्यात मी सारंगीचं एवढं बारीक काम केलं होतं, की ते ऐकायला मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम तिथे गेलो. गाणं रिक्षावरच्या भोंग्यातून वाजत होतं. माझी सारंगी आणि रिक्षाचा हॉर्न यांतला फरक मला स्वतःला कळला नाही. तेव्हापासून कुठलंही काम देण्याआधी ते ज्यातून वाजणार आहे त्यातूनच ऐकून बघायचं, हा नियम केला.

आता जे सांगायचं आहे ते जसोंडीचं.

मंदा नावाची तिशीतली बाई एका गुरुवारी जिना चढून आली. जसोंडीला त्यांची केळीची शेती. तिच्या मुलीच्या शाळेचं स्वागतगीत मी केलं होतं, त्यावरून तिला माझा पत्ता माहीत होता.

"सर, आमच्या आत्याचं गळ्याचं आपरेशन हाये मंगळवारी," ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू, वच्छलाबाई. "डॉक्टरनं बोललं, महिनाभर एक शब्द नाई. गाणं तर तीन महिने नाई. अन् कानबाई आली चोवीस-पंचवीस दिवसांवर."

कानबाई आमच्या खानदेशी पट्ट्यात श्रावणातल्या रविवारी बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, रोटांचा नैवेद्य, आणि तिच्यासमोर बायकांची गाणी. एक बाई पुढून म्हणते, बाकीच्या मागून उचलतात. वच्छलाबाई तीस वर्षं पुढून म्हणत होत्या.

"मग या वर्षी तुम्ही म्हणा पुढून," मी म्हटलं.

"माह्याच्यानं नाई होत. मी मागची हाये."

"दुसरं कुणी?"

"सगळ्या मागच्याच हायेत, सर. पुढून कोणी नाई म्हटलं तर पोरं डीजे लावतील. बाजूच्या गल्लीत मागच्या साली लागला. एक बार लागला का मंग दरसाल लागतो."

तिला हवं होतं ते असं: ऑपरेशनच्या आधी आत्याचं गाणं भरून घ्यायचं आणि कानबाईसमोर ते लावायचं, म्हणजे बायकांना त्याच्यामागे म्हणता येईल. नुसतं ऐकायला नको होतं. त्यावर गाता आलं पाहिजे होतं.

आमच्या गल्लीत कपड्याचे माग आहेत. ते चालू असताना माइक उघडता येत नाही. शुक्रवारी दुपारी ते बंद असतात, म्हणून माझी गाणाऱ्यांची कामं शुक्रवारी आणि गादीची इतर दिवशी. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. वच्छलाबाई, मंदा आणि आणखी पाच जणी आल्या. वच्छलाबाई सत्तरीच्या आसपास, उंच, काटक. खोलीच्या भिंतींना लावलेला स्पंज दाबून बघत म्हणाल्या, "मास्तर, एवढी गादी भितीले कशाले लावली? कोणी पडतं का हिच्यावर?"

गाणं अकरा कडव्यांचं, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं. पाच कडवी उत्तम झाली. सहाव्यात वच्छलाबाईंचा आवाज फाटला, सातव्यात गेलाच. त्या थांबल्या मात्र नाहीत. तोंड हलवत, उजवा हात वर वर उचलत राहिल्या. मला वाटलं, मागच्यांना जोरात म्हणायला सांगताहेत. मागच्या कशाबशा म्हणत राहिल्या. दहाव्यात आवाज थोडा परत आला आणि शेवटची दोन कडवी पुढून झाली. मी पाणी दिलं, वीस मिनिटं थांबलो, पुन्हा करून पाहिलं. दुसऱ्यांदा तिसऱ्या कडव्यातच गळा बसला. मंगळवारी ऑपरेशन होतं. म्हणजे जे होतं ते एवढंच, आणि त्यात सहा ते नऊ या चार कडव्यांना पुढची नव्हती. तिथे पुढचीची ओळ गादीवर वाजवून द्यायची, असं ठरलं.

खरं काम मी शनिवारी सुरू केलं आणि पहिली चूकही शनिवारीच केली.

पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला आम्ही सेंट म्हणतो. संगणकावर गाण्याचा सूर सेंटमध्ये मोजता येतो. या बायका पेटीवरच्या काळी तीन पट्टीच्या वीस सेंट खाली सुरू झाल्या होत्या आणि संपल्या तेव्हा पांढरी सहाच्या दहा सेंट वर होत्या. तीनशे तीस सेंट. सव्वातीन पट्ट्या वर. माझ्या हिशेबाने हे सरळ सरळ सूर सुटणं होतं. साथीला वाद्य नाही, धरायला सा नाही, म्हणून चढल्या असणार. मी एकेक कडवं जितकं चढलं होतं तितकं खाली उतरवलं आणि अकराच्या अकरा काळी तीनवर बसवली. मधल्या चार कडव्यांत पुढचीची ओळ त्याच काळी तीनवर वाजवली. एकही सूर पाच सेंटच्या बाहेर नव्हता. मूळ रेकॉर्डिंग मी कधी पुसत नाही, तेवढी एक चांगली सवय त्यात होती.

दुसऱ्या दिवशीचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी मी ते घेऊन जसोंडीला गेलो. कानबाईच्या दिवशी जो स्पीकर लागणार होता तोच ओट्यावर मांडला. ऑपरेशन नीट झालं होतं. वच्छलाबाई खाटेवर बसल्या होत्या, अगदी गप्प. बारा-तेरा बायका जमल्या.

पहिली तीन कडवी बायका बरोबर म्हणाल्या. चौथ्यात आवाज खाली बसला. पाचव्यात तरुण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सातव्यात फक्त स्पीकर वाजत होता.

शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "मास्तर, हे कानबाईचं हाये का शाळेतल्या प्रार्थनेचं?"

बायका हसल्या. मी फोनवर आलेख काढून दाखवला. म्हटलं, "बघा, एकही सूर इकडचा तिकडे नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी टाळी वाजवली. ऑपरेशन झाल्यापासून टाळी म्हणजे 'इकडे बघा' असं घरात ठरलं होतं. त्यांनी तळहात गुडघ्यापाशी धरला. मग कमरेपाशी. मग खांद्यापाशी.

"आत्या म्हणतात, चहा घेऊन जा," मंदा म्हणाली.

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा तेच केलं: गुडघा, कंबर, खांदा. या वेळी मला कळलं. रेकॉर्डिंगच्या वेळचा तो वर जाणारा हातही तेव्हाच कळला.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिचं माहेर रावेरकडचं, कानबाई तिने लहानपणापासून बघितलेली. ती म्हणाली, "चढणारच ना. सुरुवातीला म्हाताऱ्या बसतात. त्यांचा गळा खालचा. मग रोट उरकले की सुना-लेकी येऊन बसतात, त्यांना खालचं म्हणता येत नाही. पुढची हळूहळू सगळ्यांना वर घेऊन जाते."

"पण कुणी असं ठरवून करतं का?"

"तुम्ही एकाच सुरात बसून अकरा कडवी म्हणून दाखवा, मग बोलू."

मी म्हणून पाहिली नाहीत. पण मला एक भजन म्हणणारे गृहस्थ आठवले. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे दोन भजनं भरली होती. तेही चढायचे. मी त्यांना सरळ केलं आणि फार अभिमानाने ऐकवलं होतं. त्यांनी ऐकलं, 'बरं आहे' म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत. मी समजत होतो, त्यांना सुरातला फरक कळला नसेल. त्यांचं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण माणूस आता नाही. ते आता नुसतं माझ्याकडे आहे, एवढंच.

कानबाईला चौदा दिवस होते. मी सरळ केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि मूळ पुन्हा मोजलं. पहिली दोन कडवी जागची हललीच नव्हती. तिसऱ्यात अठरा सेंट, चौथ्यात एकूण पंचेचाळीस, पाचव्यात नव्वद. दहाव्यात तीनशे, अकराव्यात तीनशे तीस. म्हणजे खरी चढण सहाव्या ते नवव्या कडव्यात होती, जिथे पुढचीचा आवाज नव्हता तिथेच. साध्या कीबोर्डवर हे काम होणारच नाही, कारण त्याला एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. इथे ओळीतला प्रत्येक सूर मागच्या ओळीपेक्षा केसभर वर हवा होता. त्यासाठी गादीच पाहिजे होती, आणि बोटही तसं पाहिजे होतं.

मी मागच्या बायकांचे सूर पुढ्यात ठेवले आणि त्या जिथे जिथे पोचल्या होत्या तिथे तिथे पुढचीची ओळ वाजवली. सलग चार कडवी, तीन मिनिटं बत्तीस सेकंद. मध्ये थांबून जोडता येत नाही. चढत्या सुरात सांधा लगेच ऐकू येतो. हवेत एवढा दमटपणा होता, की दर दोन वादनांनी पावडर लावावी लागत होती. माझ्या विजारीवर पांढरे पंजे उमटले होते. चार दिवसांत जमलं. आकडे मागच्यांच्या आकड्यांशी तीन सेंटच्या आत जुळत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा जसोंडी, पुन्हा तोच ओटा. या वेळी बायका पाचव्यापर्यंत छान चढल्या. सहाव्यात गादी लागली. सहावं निभावलं, सातव्यात चाल मंदावली, आठव्यात सगळ्यांना दम लागला आणि नवव्यात गाणं बैलगाडीसारखं रेंगाळत संपलं. मग मंदाच म्हणाली, "सर, तुमचं मशीन आमच्या मागं चालतं. आम्ही मशीनच्या मागं. मंग पुढं कोण?"

एवढं सरळ मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सात दिवस राहिले होते.

गल्लीतल्या पोरांनी डीजेवाल्याशी बोलणं करून ठेवलंय, असं निघताना मंदाने हळूच सांगितलं. मी म्हटलं, "रविवारी सकाळपर्यंत त्यांना थांबायला सांगा. आणि आत्यांना मंगळवारी माझ्याकडे घेऊन या." मंदा म्हणाली, "त्या बोलत नाई, सर. येऊन काय करतील?" मलाही माहीत नव्हतं. पण पुढून कसं म्हणतात, हे आमच्या सगळ्यांत फक्त एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस मी नव्हतो.

मंगळवारी दोघी आल्या. माग धडधडत होते. मी सहावं कडवं लावलं, त्यावर वाजवलं आणि वच्छलाबाईंकडे बघितलं. त्यांनी मानेने नाही म्हटलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा नाही. मी विचारलं, जास्त वर? नाही. कमी? नाही. जोरात? नाही. मंदा मध्येच म्हणाली, "आत्या म्हणतात, उशिर होतो." वच्छलाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच होकाराची मान हलवली. मंदालाच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "मी तर बसचं बोलली."

मी लगेच वाजवून विचारलं, "उशीर म्हणजे इथे? का इथे?" वच्छलाबाई उठल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि गादीवर स्वतःचं बोट ठेवलं.

पहिल्यांदा त्यांनी इतकं दाबलं की स्पीकर किंचाळला. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि खांदे हलवत, बिनआवाजाचं हसल्या. मी सूर धरून दाखवला: हळू टेकायचं, मग सरकवायचं. त्यांच्या बोटाला पावडर लावली. मंदा म्हणाली, "आत्या, कॅरम खेळता का?" वच्छलाबाईंनी तिला दुसऱ्या हाताने गप्प केलं.

मग मी कडवं लावलं. वच्छलाबाई ऐकत होत्या, बोट रबरावर टेकलेलं. मागच्या बायका ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आल्या. त्यांचा श्वास संपत होता, अक्षर लांबत होतं. आणि नेमकं तिथे, ओळ संपायच्या आधी, वच्छलाबाईंचं बोट वर सरकलं. पुढच्या ओळीला मागच्यांनी श्वास घेतला, तोपर्यंत नवा सूर त्यांच्या कानात पडलेला होता.

मी ते यंत्रात भरून घेत होतो. नंतर आकडे पाहिले. बोट एकदम पंचवीस सेंट वर गेलं होतं आणि मग तेरावर येऊन बसलं होतं. म्हणजे जिथे न्यायचं त्याच्या थोडं पलीकडे आधी जायचं, आणि मग इतरांसाठी मागे येऊन थांबायचं. मागच्या पोचतात ती जागा मी मोजत बसलो होतो. पुढची तिथे आधीच जाऊन आलेली असते, हे मोजायचं राहिलं होतं.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, चारही कडवी तुम्हीच वाजवा. मी भरून घेतो." त्यांनी अर्धं कडवं आणखी केलं. दाब वर-खाली व्हायला लागला. त्यांनी हात पुसला, माझ्याकडे बोट दाखवलं, मग गादीकडे.

"आत्या म्हणतात, तुमचं काम तुम्ही करा," मंदा म्हणाली. या वेळी मान लगेच हलली.

बुधवार, गुरुवार मी ते काम केलं. मागांच्या आवाजात दहा सेंटचा फरक कानाला लागत नाही, म्हणून पहाटे माग सुरू व्हायच्या आधी दोन तास बसायचो आणि दिवसा नुसता हाताला वळण लावायचो. ओळीच्या शेवटच्या अक्षरावर निघायचं, पलीकडे जायचं, मागे येऊन थांबायचं. चार कडव्यांत सोळा ओळी, म्हणजे सोळा वेळा. एक चुकली की पहिल्यापासून. उजव्या हाताचं मधलं बोट गुरुवारी संध्याकाळी वाकेनासं झालं. सुनंदाने गरम पाण्यात मीठ घालून भांडं पुढे ठेवलं आणि म्हणाली, "उद्या नाही झालं तर?" मी म्हटलं, "उद्या होणार." शुक्रवारी माग बंद झाल्यावर बसलो. सदतिसाव्या वेळी सोळाच्या सोळा ओळी बसल्या. अडतिसावी करून पाहायचा मोह मी टाळला.

रविवारी दिवेलागणीला जसोंडीत कानबाई बसली होती. पोरं ओट्याच्या टोकाला घोळका करून उभी होती, डीजेवाल्याचा टेम्पो वेशीपाशी लागला होता. मी स्पीकरच्या शेजारी, हातात फोन, आवाजाच्या खुणेवर अंगठा. वच्छलाबाई देवीच्या डाव्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर.

त्यांचाच आवाज स्पीकरमधून आला आणि त्या ओठ मिटून बसल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांनी मागून उचललं. तिसऱ्याला सुना आल्या, चौथ्याला आणखी. पाचवं संपता संपता गादी लागली. शेवटच्या अक्षरावर सूर वर गेला आणि बायका त्याच्याबरोबर गेल्या. सहावं झालं. सातव्याला चाल मंदावली नाही, उलट वाढली. टाळ्या पडायला लागल्या. मी ओळी मोजत होतो. सोळापैकी आठ, नऊ, दहा.

आठव्या कडव्यात मला काहीतरी खटकलं. सुरात घरघर यायला लागली, दोन जवळचे सूर एकमेकांना घासतात तशी. मी आधी स्पीकरला दोष दिला. मग ऐकू आलं की मंदा माझ्या आधी निघते आहे. शेवटच्या अक्षरावर गादीचा सूर चढायच्या आधी तिचा चढलेला असायचा, आणि माझ्या सुरापेक्षा वीस-पंचवीस सेंट पुढे जाऊन थांबायचा. बायका तिच्याबरोबर जात होत्या. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, हिचा सूर सुटला. नवव्याच्या पहिल्या ओळीला मी गादीचा आवाज थोडा वाढवला, ती परत यावी म्हणून.

माझ्या शेजारी तालाबाहेर एक टाळी वाजली. वच्छलाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी तळहात पालथा करून खाली दाबला. मी आवाज निम्मा केला. तळहात पुन्हा खाली. मी पाव केला. त्यांनी पुन्हा दाबला. मी अंगठा शून्यावर नेला.

बायकांना ते कळलंही नाही. नववं तसंच पूर्ण झालं. दहाव्यात रेकॉर्डिंगवर वच्छलाबाईंचा स्वतःचा आवाज परत येणार होता, ऑपरेशनच्या आधीचा, जेवढा शिल्लक होता तेवढा. तो तरी लावावा म्हणून मी अंगठा हलवला. त्यांनी माझं मनगट धरलं. दहावं आणि अकरावं कडवं पूर्ण होईपर्यंत सोडलं नाही.

पोरं तोवर तिथेच उभी होती. गाणं संपल्यावर त्यांच्यातला एक जण वेशीकडे गेला आणि टेम्पो वळल्याचा आवाज आला. मंदा डोळे उघडून इकडेतिकडे बघत म्हणाली, "सर, मशीन कधी बंद पडलं?"

गणपतीच्या आठवडाभर आधी मला जसोंडीवरून फोन आला. आवाज जाडा, खरखरीत, पण ओळखू येण्यासारखा.

"मास्तर, वच्छलाबाई बोलते. डॉक्टरनं थोडं थोडं बोलायले सांगितलं."

"बोला ना, मावशी. कसं आहे?"

"बरं हाये. ऐका. मंदी आठव्यातच पुढं गेली व्हती. तुम्ही नवव्याले बंद केलं."

"हो, मावशी. एक कडवं उशीर झाला."

"चालतं," त्या म्हणाल्या. "पयलीच वेळ व्हती तुमची."